टूमस्टोन (विदागार)

टूमस्टोन म्हणजे वितरित विदागारात एखादी नोंद पुसली गेल्याची लेखी खूण होय. अशा विदागारात नोंद पुसण्याची आज्ञा मिळाली, तरी मूळ नोंद त्याच क्षणी नाहीशी केली जात नाही. त्याऐवजी 'ही नोंद अमुक वेळी पुसली' असे सांगणारी एक नवी, छोटी नोंद लिहिली जाते. मूळ नोंद व ही खूण या दोन्ही गोष्टी काही काळ तबकडीवर शेजारी नांदू शकतात; मूळ नोंद पुढे काढून टाकली जाते, खूण मात्र किमान ठरावीक अवधीपर्यंत जपली जाते. अपाची कॅसांड्रा, सिलाडीबी, एचबेस, काउचडीबी इत्यादी अनेक प्रणाली या ना त्या रूपात ही पद्धत वापरतात.

ज्या उपयोजनांत ओळी क्वचितच पुसल्या जातात, तेथे टूमस्टोनचे अस्तित्व जाणवतही नाही. मात्र ओळी वारंवार व मोठ्या संख्येने पुसल्या जात असतील, तर या खुणांचा ढीग साचतो, वाचन मंदावते आणि कधीकधी सर्व्हर निकामी होण्यापर्यंत वेळ येते. त्यामुळे वारंवार पुसल्या जाणाऱ्या विद्याचे व्यवस्थापन हा वितरित विदागारांच्या रचनेतील एक महत्त्वाचा विषय मानला जातो.

संज्ञा

इंग्रजीत टूमस्टोन म्हणजे थडग्यावर उभारलेली शिळा. व्यक्ती हयात नाही, पण ती होती आणि अमुक दिवशी गेली, हे जसे शिळा सांगते, तसेच काम ही नोंद करते. या कल्पनेसाठी १९८७ च्या एका शोधनिबंधात 'मृत्यूचा दाखला' अशा अर्थाची संज्ञा वापरली गेली होती. मराठी वाचकास शाळेच्या जनरल रजिस्टरचे उदाहरण जवळचे वाटेल. विद्यार्थी शाळा सोडून गेला म्हणून त्याचे नाव रजिस्टरातून खरवडून काढत नाहीत; त्याच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख लिहितात. नाव नसणे आणि नाव असून पुढे दाखला दिल्याची नोंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूमस्टोनचे सारे महत्त्व याच फरकात आहे.

इतिहास

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन डेमर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक सर्व्हरांवर ठेवलेल्या प्रती साथीच्या रोगाप्रमाणे एकमेकांकडून बातमी घेत हळूहळू एकरूप कशा होतील, हा त्याचा विषय होता. कंपनीच्या क्लिअरिंगहाउस या नामसूचीत येणाऱ्या अडचणींतून हे संशोधन उभे राहिले. नोंद नुसती काढून टाकली, तर दुसऱ्या सर्व्हरवरील जुनी प्रत ती परत आणते, हे या लेखकांनी स्पष्टपणे मांडले आणि त्यावर मृत्यूच्या दाखल्याचा उपाय सुचविला. दाखले कायमचे ठेवले तर जागा संपते आणि लवकर टाकले तर मृत नोंद उठून बसते, हा पेचही त्यांनी तेव्हाच ओळखला होता. काही मोजक्या सर्व्हरांवर दाखले 'सुप्त' अवस्थेत अधिक काळ जपावेत व जुनी नोंद पुन्हा दिसल्यास ते जागे करावेत, असा मार्ग त्यांनी दाखविला.

१९९६ साली पॅट्रिक ओनील, एडवर्ड चेंग, डिटर गॉलिक व एलिझाबेथ ओनील यांनी लॉग-स्ट्रक्चर्ड मर्ज ट्री ही साठवणीची रचना मांडली. गूगलच्या बिगटेबलवरील निबंध २००६ साली आणि ॲमेझॉनच्या डायनॅमोवरील निबंध २००७ साली आला. डायनॅमोच्या लेखकांपैकी एक असलेले अविनाश लक्ष्मण यांनी प्रशांत मलिक यांच्यासमवेत फेसबुकमध्ये संदेशपेटीच्या शोधासाठी कॅसांड्रा ही प्रणाली उभारली. २००८ साली तिची संहिता खुली करण्यात आली आणि २०१० साली तिला अपाची प्रतिष्ठानच्या मुख्य प्रकल्पाचा दर्जा मिळाला. कॅसांड्राने वितरणाची पद्धत डायनॅमोकडून व साठवणीची पद्धत बिगटेबलकडून घेतली असल्याने टूमस्टोनची गरज तिला दोन्ही बाजूंनी पडते. पुढील विवेचन मुख्यतः कॅसांड्राच्या आधारे केले आहे.

गरज

पुसलेल्या नोंदीचे पुनरुज्जीवन

एका ओळीच्या क, ख आणि ग या तीन नोडांवर तीन प्रती आहेत, असे समजू. ओळ पुसण्याची आज्ञा आली तेव्हा ग हा नोड बंद होता. क आणि ख यांनी आज्ञा पाळली. तिघांपैकी दोघांचा होकार मिळाल्याने गणपूर्ती झाली आणि ओळ पुसल्याचे वापरकर्त्यास कळविण्यात आले. क व ख यांनी ओळ खरोखरच मागमूस न ठेवता काढून टाकली असती, तर ग पुन्हा सुरू झाल्यावर काय घडले असते? तिन्ही प्रतींची तुलना करताना ग जवळ ओळ आहे आणि क व ख जवळ नाही, एवढेच दिसले असते. 'या दोघांना ही ओळ मिळालीच नव्हती' आणि 'या दोघांनी ती पुसली', या दोन शक्यतांत फरक करण्याचे कोणतेही साधन उरले नसते. प्रणालीने ती ओळ हरवलेली समजून ग कडून क व ख कडे पुन्हा नकलून दिली असती. पुसलेला विदा असा परत येण्यास पुनरुज्जीवन म्हणतात. अशा नोंदींना बोलीत 'झोंबी' असेही नाव आहे.

टूमस्टोन हा त्या क्षणाचा पुरावा असतो. क व ख जवळील खुणेवर पुसण्याची वेळ मायक्रोसेकंदांत लिहिलेली असते. ती ग जवळील ओळीच्या वेळेपेक्षा नंतरची असल्याने खूण जिंकते व ग कडील ओळही बाद ठरते. ओळ व खूण यांची वेळ तंतोतंत सारखी असल्यास कॅसांड्रा खुणेच्या बाजूने निर्णय देते.

न बदलणाऱ्या फायली

दुसरे कारण साठवणीच्या रचनेत आहे. कॅसांड्रा नवा विदा आधी स्मृतीतील तक्त्यात ठेवते व तो भरला की क्रमवार लावून तबकडीवर फाइलरूपाने उतरविते. या फायलींना एसएसटेबल म्हणतात. एकदा लिहिलेली एसएसटेबल पुन्हा कधीही बदलली जात नाही. साहजिकच जुन्या फाइलीतील ओळ जागच्या जागी खोडता येत नाही. ती पुसल्याची बातमी नव्या फाइलीतच लिहावी लागते. म्हणून या प्रणालीत पुसणे हीसुद्धा एक लेखनक्रियाच आहे. पुसल्याने तबकडीवरील जागा लगेच मोकळी होत नाही, उलट किंचित अधिक व्यापली जाते.

कार्यपद्धती

वाचनाची विनंती आली, की नोड स्मृतीतील तक्ता व संबंधित एसएसटेबल यांतील तुकडे एकत्र करतो आणि प्रत्येक रकान्यासाठी सर्वांत अलीकडच्या वेळेची नोंद स्वीकारतो. वाटेत भेटणारे टूमस्टोन त्याला टाकून देता येत नाहीत. दुसऱ्या नोडवर जुनी ओळ अजून जिवंत असू शकते, म्हणून विनंतीचे सूत्रसंचालन करणाऱ्या नोडकडेही या खुणा पाठवाव्या लागतात.

एसएसटेबलींची संख्या वाढली, की त्यांपैकी काही वाचून एक नवी फाइल तयार केली जाते व जुन्या फायली काढून टाकल्या जातात. या क्रियेस कॉम्पॅक्शन म्हणतात. जागा प्रत्यक्षात मोकळी होते ती याच वेळी. मात्र टूमस्टोन काढून टाकण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली अट अशी की, खूण लिहिल्यापासून ठरलेला अवधी उलटलेला असावा. दुसरी अट अशी की, खुणेने झाकलेला जुना विदा या कॉम्पॅक्शनमध्ये नसलेल्या अन्य फाइलीत असण्याची शक्यता नसावी. दुसरी अट पाळली नाही, तर खूण जाईल व जुनी ओळ मागे राहील, आणि ती पुढच्याच वाचनात प्रकट होईल.

प्रकार

कॅसांड्रात टूमस्टोन वेगवेगळ्या व्याप्तीचे असतात:

- घराचा टूमस्टोन: एका ओळीतील एकाच रकान्याचे मूल्य पुसल्याची खूण.
- ओळीचा टूमस्टोन: पूर्ण ओळ पुसल्याची खूण.
- पल्ल्याचा टूमस्टोन: एका विभागातील सलग ओळींचा पट्टा पुसल्याची खूण. पट्ट्यात एक लाख ओळी असल्या, तरी खूण एकच लागते.
- विभागाचा टूमस्टोन: संपूर्ण विभाग पुसल्याची खूण.
- मुदतीचा टूमस्टोन: लिहितानाच आयुष्य ठरवून दिलेल्या मूल्याची मुदत संपली, की ते मूल्य आपोआप टूमस्टोनसारखे वागू लागते.

पुसण्याची आज्ञा न देताही टूमस्टोन तयार होतात, हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. ओळ लिहिताना एखाद्या रकान्यात रिक्त मूल्य स्पष्टपणे भरले, तर ते घराचा टूमस्टोन म्हणून साठविले जाते. तसेच संच, सूची वा नकाशा या प्रकारच्या रकान्यात संपूर्ण नवे मूल्य भरले, की आधीचे मूल्य झाकण्यासाठी एक पल्ल्याचा टूमस्टोन आपोआप लिहिला जातो.

राखण्याचा अवधी

टूमस्टोन किमान किती काळ जपायचा, हे तक्तानिहाय ठरविता येते. कॅसांड्रात या मापदंडाचे नाव जीसी ग्रेस सेकंड्स असे असून त्याचे मूळ मूल्य ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस आहे. बंद पडलेला नोड दुरुस्त होऊन परत यावा आणि त्याला पुसल्याची बातमी पोहोचावी, यासाठी दिलेली ही सवलत होय.

ही बातमी पोहोचविण्याचे मुख्य मार्ग दोन. नोड थोडाच वेळ बंद असेल, तर इतर नोड त्याच्यासाठी 'हिंट' नावाची टिपणे राखून ठेवतात. ती मूळ मांडणीत ३ तासांपर्यंतच्या खंडासाठीच राखली जातात. त्याहून दीर्घ खंडासाठी रिपेअर ही क्रिया चालवावी लागते. तीत प्रतींची आपापसांत तुलना करून फरक मिटविला जातो. यावरून एक नियम निघतो: प्रत्येक नोडवर रिपेअर हे राखण्याच्या अवधीच्या आत किमान एकदा पूर्ण झालेच पाहिजे. हा नियम मोडला आणि खुणा काढून टाकल्या गेल्या, तर वर वर्णन केलेले पुनरुज्जीवन घडू शकते. जो नोड या अवधीपेक्षा अधिक काळ बंद राहिला, तो जसाच्या तसा समूहात परत घेऊ नये. त्यावरील विदा काढून टाकून इतर प्रतींवरून तो नव्याने भरावा.

वारंवार पुसण्याचे परिणाम

टूमस्टोनचा उपद्रव सर्वाधिक जाणवतो तो रांगेसारख्या वापरात. कामे एका बाजूने भरायची, दुसऱ्या बाजूने उचलायची व उचललेले काम पुसायचे, अशी रचना कॅसांड्राच्या तक्त्यावर केली, तर रांगेच्या तोंडाशी खुणांचा थर जमतो. 'पुढचे एक काम द्या' एवढीच विनंती असते. पण ते एक काम सापडेपर्यंत नोडला आधीच्या हजारो खुणा ओलांडाव्या लागतात. रांग जवळजवळ रिकामी असताना वाचन सर्वांत मंद, असा विपरीत अनुभव येतो. म्हणूनच अशा रचनेची गणना अपप्रथांत होते.

कॅसांड्रा जावा भाषेत लिहिलेली असल्याने वाचताना गोळा होणाऱ्या खुणा जावाच्या स्मृतीत साठतात. त्या वाढल्या की स्मृतीची साफसफाई करण्यासाठी नोडला वारंवार थांबावे लागते. यावर बंधन म्हणून मूळ मांडणीत दोन मर्यादा दिलेल्या आहेत. एका वाचनात १,००० हून अधिक टूमस्टोन भेटल्यास इशारा नोंदविला जातो आणि १,००,००० हून अधिक भेटल्यास ते वाचन मध्येच थांबवून त्रुटी कळविली जाते. दुसरी मर्यादा वाढविण्याचा मोह होतो. परंतु त्याने दुखणे बरे न होता केवळ लक्षण झाकले जाते.

डिस्कॉर्डचे उदाहरण

संदेशवहन सेवा डिस्कॉर्डच्या अभियंत्यांनी २०१७ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांच्या संदेशांच्या तक्त्यात १६ रकाने होते, परंतु सरासरी संदेशात त्यांपैकी ४ च भरलेले असत. उरलेल्या रकान्यांत रिक्त मूल्ये लिहिली जात असल्याने प्रत्येक संदेशागणिक बहुधा १२ टूमस्टोन विनाकारण तयार होत होते. रिक्त मूल्ये न लिहिणे, एवढाच त्यावर उपाय होता.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. एका सार्वजनिक समूहाच्या चालकाने लाखो संदेश पुसून वाहिनीत एकच संदेश शिल्लक ठेवला होता. ती वाहिनी कोणी उघडली, की त्या एका संदेशासाठी कॅसांड्राला लाखो टूमस्टोन वाचावे लागत आणि स्मृतीच्या साफसफाईसाठी सर्व्हर १० सेकंदांपर्यंत थांबून राही. रिपेअर रोज रात्री चालत असल्याने अभियंत्यांनी राखण्याचा अवधी १० दिवसांवरून २ दिवसांवर आणला. शिवाय रिकाम्या झालेल्या कालखंडांची नोंद ठेवून वाचताना ते टाळण्याची व्यवस्था केली. पुढे २०२२ साली ही सेवा सिलाडीबीकडे वळली. त्या स्थलांतरात शेवटच्या टप्प्यावर काम अडले ते कधीही कॉम्पॅक्शन न झालेल्या टूमस्टोनच्या प्रचंड पट्ट्यांमुळेच. तेवढ्या भागाचे कॉम्पॅक्शन करताच स्थलांतर पूर्ण झाले.

उपाय

तक्त्यांची रचना

सर्वांत परिणामकारक उपाय तक्ता आखतानाच करता येतो. जो विदा एकत्र पुसला जाणार आहे, तो एकत्र साठवावा. उदाहरणार्थ, तापमापकाच्या नोंदी ९० दिवसांनी टाकायच्या असतील, तर तापमापकाचा क्रमांक व दिनांक या दोहोंचा मिळून विभाग करावा. असे केल्यास हजारो ओळी एकेक करून पुसण्याऐवजी दर दिवसामागे विभागाचा एकच टूमस्टोन पुरतो, आणि ताज्या विभागांच्या वाचनात जुन्या खुणा आडव्या येत नाहीत. रांगेसारखे वाचन टाळता येत नसेल, तर शेवटचे उचललेले काम लक्षात ठेवून 'त्यापुढील' अशी विनंती करावी, म्हणजे मागच्या खुणा वाचाव्या लागत नाहीत. खऱ्या रांगेसाठी मात्र रांगेचीच प्रणाली निवडणे इष्ट.

संपूर्ण तक्ता रिता करायचा असल्यास ओळी पुसण्याऐवजी ट्रंकेट ही आज्ञा वापरावी. तीत टूमस्टोन निर्माण होत नाहीत. मात्र त्यासाठी सर्व नोड चालू असावे लागतात.

कॉम्पॅक्शनची निवड

आकारानुसार कॉम्पॅक्शन या पद्धतीत सारख्या आकाराच्या फायली एकत्र केल्या जातात. त्यामुळे ताजी खूण छोट्या फाइलीत व जुनी ओळ अवाढव्य फाइलीत राहून दोघींची गाठ दीर्घकाळ पडत नाही. स्तरानुसार कॉम्पॅक्शनमध्ये ही गाठ लवकर पडते, पण तबकडीवरील लेखनाचा भार वाढतो. कालखंडानुसार कॉम्पॅक्शन ही पद्धत मुदतीच्या विद्यासाठी योग्य आहे. एका कालखंडातील सर्व ओळींची मुदत व राखण्याचा अवधी संपला, की संपूर्ण फाइलच एकदम काढून टाकली जाते. मात्र अशा तक्त्यात मधूनच ओळी पुसल्या किंवा जुन्या ओळी बदलल्या, तर हा लाभ नाहीसा होतो. कॅसांड्राच्या ५.० या आवृत्तीत एकीकृत कॉम्पॅक्शनही उपलब्ध झाले आहे.

याखेरीज एखाद्या फाइलीत काढून टाकण्याजोग्या खुणांचे अंदाजित प्रमाण २० टक्क्यांहून अधिक झाले, तर केवळ त्या एका फाइलीचे कॉम्पॅक्शन करण्याची सोय आहे. सर्व फायलींचे एकत्र कॉम्पॅक्शन हाताने करण्याचा मार्गही आहे. परंतु आकारानुसार पद्धतीत त्यातून एकच प्रचंड फाइल तयार होते व पुढे तिच्या जोडीची फाइल न मिळाल्याने ती पडून राहते.

अवधी कमी करणे

राखण्याचा अवधी कमी केल्यास खुणा लवकर जातात. तथापि हा उपाय रिपेअरच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. आठवड्यातून एकदाच रिपेअर होत असेल, तर अवधी दोन दिवसांवर आणणे म्हणजे पुनरुज्जीवनास आमंत्रण देणे होय. रिपेअर झालेल्या विद्यातीलच टूमस्टोन काढावेत, असा पर्याय कॅसांड्रात आहे. सिलाडीबीत याच कल्पनेवर आधारलेली पद्धत असून तीत दिवसांच्या मोजणीऐवजी रिपेअर पूर्ण झाले की नाही, यावरून खूण काढण्याचा निर्णय होतो.

घड्याळांचा मेळ

निवाडा वेळेवरून होत असल्याने सर्व सर्व्हरांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक आहे. ओळ लिहिताना वापरलेले घड्याळ पुढे असेल, तर नंतर आलेली पुसण्याची आज्ञा जुनी ठरून निष्फळ होते. उलटपक्षी, खुणेवर भविष्यातील वेळ पडली, तर ती वेळ येईपर्यंत लिहिलेल्या नव्या ओळीही ती खूण गिळून टाकते.

इतर प्रणालींत

- एचबेस: पुसल्याच्या खुणा सामान्यतः मोठ्या कॉम्पॅक्शनमध्ये काढल्या जातात. मूळ मांडणीत ते ७ दिवसांनी होते.
- काउचडीबी: पुसलेल्या दस्तऐवजाचा ओळखक्रमांक व आवृत्ती असलेला सांगाडा शिल्लक राहतो.
- काफ्का: कॉम्पॅक्शन केलेल्या नोंदवहीत रिक्त मूल्याचा संदेश टूमस्टोनचे काम करतो. तो मूळ मांडणीत २४ तास जपला जातो.
- ॲक्टिव्ह डिरेक्टरी: मायक्रोसॉफ्टच्या या नामसूचीत टूमस्टोनचा अवधी पूर्वी ६० दिवस होता, तो नंतर १८० दिवस करण्यात आला.
- पोस्टग्रेसक्यूएल: ही मुळात एका सर्व्हरची प्रणाली असली, तरी पुसलेल्या ओळींच्या मृत आवृत्त्या तीतही मागे राहतात व व्हॅक्यूम ही क्रिया त्या झाडून काढते. मात्र येथे कारण प्रतींमधील मतभेदाचे नसून, चालू असलेल्या व्यवहारांना जुनी आवृत्ती दिसत राहावी, हे आहे.

खासगीपणा व कायदा

'पुसले' असा संदेश वापरकर्त्यास दिसला, तरी त्याचा विदा तबकडीवर काही काळ राहतो, ही गोष्ट केवळ तांत्रिक नाही. युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या विदा संरक्षण नियमावलीच्या १७ व्या अनुच्छेदात व्यक्तीस आपला विदा पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम १२ मध्येही दुरुस्ती व पुसून टाकण्याचा हक्क आहे. टूमस्टोनवर आधारलेल्या प्रणालीत मूळ ओळ व तिची खूण एकाच कॉम्पॅक्शनमध्ये येईपर्यंत मूळ ओळ फाइलीत असते. मोठ्या फाइलीची पाळी लवकर न आल्यास हा काळ अनेक महिन्यांचाही होऊ शकतो.

प्रतिबिंब-प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ही आणखी एक वाट. कॅसांड्रात ट्रंकेट आज्ञेपूर्वी मूळ मांडणीनुसार आपोआप स्नॅपशॉट घेतला जातो. तो वेगळा काढून टाकल्याशिवाय विदा गेला, असे म्हणता येत नाही. यावर प्रत्येक व्यक्तीचा विदा स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध करून ठेवण्याचा उपाय सांगितला जातो. पुसण्याची मागणी आली, की ती किल्ली नष्ट करतात. मग मागे राहिलेल्या प्रती कोठेही असल्या, तरी त्या वाचता येत नाहीत.

हेही पाहा

- अपाची कॅसांड्रा
- वितरित संगणन
- बिगटेबल
- डायनॅमो (साठवण प्रणाली)
- विसरले जाण्याचा हक्क